खडकाआडचा ठेका

अमेरिकेतल्या कोळसा खाणींमध्ये कामगाराच्या हेल्मेटवर एक छोटी सूचनापट्टी चिकटवलेली असे. बाहेर पडायची वाट बंद झाली तर आडोसा करून बसा. जमिनीवर तीन सुरुंग उडाल्याचा आवाज येतो का, कान देऊन ऐका. तो आला की दहा वेळा जोरात ठोका. पंधरा मिनिटं विश्रांती घ्या आणि पुन्हा ठोका. पाच सुरुंग ऐकू आले की समजा, तुमचा ठावठिकाणा लागला, मदत निघाली आहे. साधनं काय, तर सुरुंग आणि हातोडा. पण खडकाआडून निरोप पाठवण्याचं बहुतेक शास्त्र या चार-पाच ओळींत आलेलं आहे. सुरुवात कोणी करायची, तीच खूण किती वेळा द्यायची, गप्प केव्हा बसायचं आणि पोचपावती कशी ओळखायची, हे सगळं आधीच ठरलेलं. मजकूर म्हणावा असा त्यात जवळजवळ नाहीच. आहे ती वेळेची वाटणी. आज हातोड्याच्या जागी तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दिव्यात बसवलेली चिप आणता येते. मग तोच प्रश्न नव्या रूपात समोर येतो : वरचं आणि खालचं घड्याळ एकमेकांशी जुळलेलं कसं राहील? चांगली घड्याळं विकत घ्यावीत, की वेळसुद्धा सिग्नलमधूनच पाठवावी? पुढच्या संवादात पहिली बाजू भूमिगत खाणीचा विद्युत विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची आहे, दुसरी लेखिकेची. अधिकाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही, म्हणूनच तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

अधिकारी : मॅडम, तुम्ही सिग्नलवाली मंडळी या प्रश्नाचा फार बाऊ करता. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस पाळी सुरू होण्याआधी लॅम्परूममधून कॅपलॅम्प घेतो. पाळी संपली की तोच दिवा परत रॅकवर चार्जिंगला लागतो. त्या रॅकवरच दिव्यातलं घड्याळ लावून द्या. जमिनीवर उपग्रहांकडून अचूक वेळ फुकट मिळते. दिव्यात तापमानाचा परिणाम भरून काढणारा जरा बरा क्वार्ट्झ टाकला, तर त्याची चूक दहा लाखांत एक एवढीच. आठ तासांची पाळी म्हणजे २८,८०० सेकंद. तेवढ्या वेळात घड्याळ चुकेल ०.०२९ सेकंदानं. तुमचंच म्हणणं आहे की खडकातून सेकंदाला एखाददुसरा बिट जाईल. सेकंदभर लांबीच्या बिटात तीन शतांश सेकंदाची चूक कोण विचारतो? दिव्याची बॅटरी मुळात एवढीशी. तिच्यावर माणसाचा उजेड चालायचा असतो. मिथेन असलेल्या खाणीत ठिणगी पडू नये म्हणून तारेत किती ऊर्जा सोडायची यावरही बंधन आहे. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीतला, तुम्ही म्हणता तसा, अर्धा वाटा नुसतं ‘सुरुवात इथे, सुरुवात इथे’ हे सांगण्यात घालवणं मला उधळपट्टी वाटते. वेळ खाली उतरतानाच बरोबर द्या आणि सगळी ताकद निरोपाला लावा.

लेखिका : साहेब, लॅम्परूमची कल्पना मला आवडते आणि मी ती टाकून देणार नाही. पण आधी इतकं हळू का बोलावं लागतं ते पाहू, कारण घड्याळावरचा भार तिथूनच सुरू होतो. ओलसर खडक वीज वाहून नेतो आणि वीज वाहून नेणारी प्रत्येक गोष्ट रेडिओलहरी गिळते. खडकाची वाहकता मीटरला ०.०१ सीमेन्स धरली, तर २,००० हर्ट्झची लहर दर ११२ मीटरला घटून ३७ टक्क्यांवर येते. तीनशे मीटर खोलीवर मूळ ताकदीच्या सात टक्के उरते. अंतरामुळे होणारी घट वेगळीच. तेच ८७ किलोहर्ट्झवर केलं, तर लहर दर १७ मीटरला तेवढी घटते आणि तीनशे मीटरवर दहा कोटींत दोन भाग शिल्लक राहतात. ब्रिटिश गुहा-बचाव पथकांचा हेफोन ८७ किलोहर्ट्झवर बोलतो आणि चुनखडीच्या कोरड्या गुहांतून माणसाचा आवाजसुद्धा नेतो. कोळशाच्या आसपासचे ओले वालुकाश्म आणि शेल तेवढे दयाळू नसतात. म्हणून खाली, काही हजार हर्ट्झवर यावं लागतं, आणि तिथे गोंगाट वाट पाहत असतो. विजेच्या तारांची गुणगुण, पंखे, पंप, कन्व्हेयर, आणि हजारो किलोमीटरवर कडाडणाऱ्या विजांचे तडाखे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवलं की गोंगाट कितीही असला तरी वेग पुरेसा कमी केला, तर निरोप हव्या तितक्या खात्रीनं पोचवता येतो. वेग दहापट कमी केला की प्रत्येक बिटाच्या वाट्याला दहापट ऊर्जा येते. आता या सवलतीची किंमत पाहा. समजा दोन घड्याळांत दहा लाखांत वीसचा फरक आहे. साध्या, स्वस्त क्वार्ट्झमध्ये एवढा असतो. २,००० हर्ट्झवर तो ०.०४ हर्ट्झ झाला. एक सेकंदाच्या बिटात लहर साधारण चौदा अंशांनी सरकते, ते चालून जातं. बिट दहा सेकंदांचा केला की ती १४४ अंशांनी सरकते. आता बिटाचा शेवटचा भाग पहिल्या भागात मिळवायला गेलं, तर दोघं एकमेकांना खोडू लागतात. म्हणजे गोंगाटावर मात करायला जितकं हळू बोलाल, तितका वेळ दोन घड्याळांना एकमेकांचा हात धरून चालावं लागतं.

अधिकारी : मग तर माझीच बाजू भक्कम झाली. हळू बोलायला चांगलं घड्याळ लागतं, तर चांगलं घड्याळ घ्या. २०११ पासून काड्यापेटीएवढं अणुघड्याळही बाजारात आहे, एक वॅटच्या आठव्या भागात चालतं. ते महाग आहे हे मान्य. शेकडो दिव्यांत बसवणं परवडणार नाही. पण घड्याळाचा दर्जा वर्षागणिक सुधारतोच. आणि तुमची भीती लांब निरोपाची असेल, तर त्यालाही जुना उपाय आहे. टेलिप्रिंटर काय करायचा? प्रत्येक अक्षराच्या आधी एक सुरुवातीचा ठोका, शेवटी एक थांब्याचा. घेणाऱ्या यंत्राला फक्त एका अक्षरापुरती गती सांभाळायची, पुढच्या अक्षराला पुन्हा नवी सुरुवात. लाखो यंत्रं अशी चालली. दर अक्षराला दोनच जादा ठोके, तुमच्या अर्ध्या शिदोरीपेक्षा कितीतरी स्वस्त.

लेखिका : टेलिप्रिंटरची तार शांत होती. तिथे सुरुवातीचा ठोका आला की आला. शंका घ्यायची वेळच नसे. खडकातून येणारा एकटा ठोका आणि विजेचा एक तडाखा यांत कानाला फरक कळत नाही. मग यंत्र दर मिनिटाला कुठल्यातरी तडाख्याला अक्षराची सुरुवात समजेल आणि पुढचे सगळे बिट चुकीच्या चौकटीत भरेल. एक बिट चुकला तर तो दुरुस्त करणारे संकेत आहेत. चौकटच सरकली तर सगळे बिट बरोबर असूनही निरोप निरर्थक होतो. इथे ‘घड्याळ जुळणं’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, हेही लक्षात घ्यायला हवं. पहिली गती : दोघांचा सेकंद सारखा लांब आहे का. दुसरी टप्पा : बिटाची सीमा नेमकी कुठे आहे. तिसरी क्रम : हा कितवा बिट आहे. मैफलीत बसणाऱ्याला हे तिन्ही ओळखीचे आहेत. गती म्हणजे लय, टप्पा म्हणजे मात्रेवरचा आघात, आणि क्रम म्हणजे समेपासून आपण कितव्या मात्रेवर आहोत ते. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असली की गाणाऱ्याला समेवर येणं द्रुतापेक्षा अवघड होतं, सोपं नाही. तेव्हा त्याला वाचवतो तो तबल्याचा ठेका. ठेका नुसते ठोके मोजत नाही. त्याचे बोल वेगवेगळे असतात, म्हणून मधूनच कान दिला तरी आपण कुठे आहोत ते समजतं. पण एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि नवव्या-दहाव्या मात्रेवर. तेवढाच तुकडा ऐकला तर आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही. मागचापुढचा बोल ऐकावा लागतो. सिग्नलच्या शास्त्रात हाच प्रश्न बार्कर यांनी १९५३ साली सोडवायला घेतला : असा ठेका शोधायचा की तो स्वतःवरच सरकवून ठेवला तर नेमक्या एकाच जागी पूर्ण जुळावा आणि बाकी कुठेही जवळजवळ जुळू नये. त्यांच्या तेरा ठोक्यांच्या मालिकेत जुळण्याचं माप बरोबर जागी तेरा येतं, इतर कुठेही एकाच्या वर जात नाही. टेलिप्रिंटरचा एकटा ठोका आणि ही तेरांची रचना यांत फरक ताकदीचा आहेच, पण त्याहून जास्त तो ओळखीचा आहे. तडाखा तेरा ठोक्यांची ही रचना योगायोगानं वाजवत नाही.

अधिकारी : ठेका पटला. पण तेरा ठोके आणि अर्धी शिदोरी यांत अंतर आहे. अर्धी शिदोरी खर्च करण्याइतकं समक्रमण, म्हणजे हे घड्याळ जुळवणं, मोलाचं आहे, हे कोणी करून पाहिलंय का? की हा वर्गातला हिशोब?

लेखिका : करून पाहिलंय, आणि हजारो हौशी रेडिओवाल्यांनी रोज वापरून पाहिलंय. जोसेफ टेलर हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. जोडतारा असलेला पल्सार (ठरावीक आवर्तनानं स्पंदनं पाठवणारा तारा) शोधल्याबद्दल त्यांना रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चंद्रावर आपटून परत येणारे अत्यंत क्षीण सिग्नल वाचण्यासाठी त्यांनी जेटी-६५ ही पद्धत बांधली. तिच्या एका प्रक्षेपणात १२६ खंड असतात. त्यातले ६३ फक्त ठरलेला समक्रमणाचा सूर वाजवतात. बरोबर अर्धे! पुढे त्यांनी डब्ल्यूएसपीआर रचली. ती जवळपास दोन मिनिटांत जेमतेम ५० बिटांचा निरोप पाठवते, १६२ चिन्हांमध्ये, आणि प्रत्येक चिन्ह दोन बिट वाहून नेतं : एक निरोपाचा, एक समक्रमणाचा. ज्या माणसानं आयुष्यभर गोंगाटात बुडालेली स्पंदनं शोधली, त्यानं मोकळेपणी निवड करताना वेळेला निरोपाइतकाच वाटा दिला. हे पल्सारचं काम आपल्यापासून दूर नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि तिथे पल्सार पाहताना हेच करतात : एकटं स्पंदन गोंगाटात दिसतच नाही, म्हणून ताऱ्याच्या आवर्तनाइतक्या लांबीचे तुकडे कापून एकावर एक रचायचे. शंभर तुकडे रचले की स्पंदन शंभरपट होतं, गोंगाट मात्र दहापटच वाढतो. अट एकच, आवर्तनाची लांबी बरोबर हवी. किंचित चुकली तरी तुकडे तिरपे बसतात आणि स्पंदन सारवल्यासारखं पसरून नाहीसं होतं. हेल्मेटच्या पट्टीवरचे ‘दहा वेळा ठोका’ हे दहासुद्धा त्याच जातीचे.

अधिकारी : टेलर यांचंच नाव घेतलंत म्हणून विचारतो. त्यांच्याच गटाची नवी पद्धत एफटी-८, २०१७ ची. तिच्यात ७९ सूर आणि त्यातले समक्रमणाचे २१. म्हणजे अर्ध्यावरून जवळपास पावावर आले. का आले? बहुधा आता प्रत्येकाचा संगणक इंटरनेटवरून वेळ लावून घेतो आणि सगळे ठरलेल्या पंधरा सेकंदांच्या चौकटीत बोलतात म्हणून. घड्याळ चांगलं झालं, ठेक्याचा खर्च कमी झाला. हे माझंच म्हणणं झालं की! आणि दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. तुमचं यंत्र सुरुवात माहीत नसताना हजारो जागी ठेका जुळतो का ते तपासणार. हजार जागी शोधलं तर एखाद्या जागी गोंगाट योगायोगानं जुळणारच. म्हणजे खोटी आशा. वेस्ट व्हर्जिनियाच्या सागो खाणीत, जानेवारी २००६ मध्ये, तेरा जण अडकले होते. बारा जण जिवंत सापडल्याची बातमी नातेवाइकांपर्यंत पोचली, आणि जवळपास तीन तासांनी कळलं की जिवंत एकच आहे, बारा गेले. ती चूक सिग्नलची नव्हती, माणसांच्या सांगोवांगीची होती. पण खोट्या आशेचं मोल काय असतं हे त्या रात्री दिसलं. घड्याळ बरोबर असेल तर शोधायच्या जागाच कमी होतात आणि खोटी जुळणी टळते.

लेखिका : एफटी-८ चा मुद्दा खरा आहे, आणि शोधायची खिडकी लहान असेल तर खोटी जुळणी कमी होते हेही खरं. म्हणूनच लॅम्परूमचं घड्याळ हवं, असं मी आधीच म्हटलं. पण तरीही एफटी-८ नं २१ सूर ठेवले, शून्य नाही, आणि तेही सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाटून. इंटरनेटवर वेळ लावलेलं यंत्रही अशा क्षीण सिग्नलमध्ये निव्वळ घड्याळावर विसंबत नाही. आता खाणीतल्या घड्याळाकडे पाहा. तुमचा ०.०२९ सेकंद एका पाळीचा आहे. अपघात पाळीच्या वेळापत्रकानं चालत नाही. चिलीच्या सॅन होजे खाणीत ५ ऑगस्ट २०१० ला ३३ जण अडकले, सतराव्या दिवशी त्यांचा ठावठिकाणा लागला आणि ६९ व्या दिवशी ते बाहेर आले. सिलक्याराच्या बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ कामगार सतरा दिवस होते. तिथे सुदैवानं पाइप शाबूत होता आणि त्यातून बोलता आलं. सतरा दिवस म्हणजे चौदा लाखांहून जास्त सेकंद. दहा लाखांत एकची तुमची चूक दीड सेकंदावर जाते, तुमचा बिट एक सेकंदाचा. स्वस्त क्वार्ट्झ तर अर्ध्या मिनिटानं सरकलेला असेल. शिवाय आग लागलेल्या बाजूला खडक तापतो, पाण्यानं भरलेल्या बाजूला गारठतो, बॅटरी उतरते. क्वार्ट्झला हे सगळं कळतं. आणि मला सर्वात जास्त खुपतं ते वेगळंच. चुकलेलं घड्याळ आपण चुकलोय हे सांगत नाही. खालचा माणूस बटण दाबत राहील, वरचं यंत्र चुकीच्या खिडकीत ऐकत राहील आणि पडद्यावर शांतता दिसेल. या शांततेचा अर्थ खाली कोणी नाही असाही होतो आणि आपण चुकीच्या वेळी ऐकलं असाही होतो. बचावप्रमुखाला दोन्हींत फरक करता आला नाही, तर बोअर कुठे मारायचं हा त्याचा निर्णय एका क्वार्ट्झच्या तुकड्यावर अवलंबून राहील.

खोट्या आशेवर तोडगा त्या हेल्मेटवरच्या पट्टीत आहे, तीन सुरुंग आणि पाच सुरुंग. वरून एक ठेका पाठवायचा. खालून त्याचं उत्तर आलंसं वाटलं की लगेच विश्वास ठेवायचा नाही. वरून ठेका बदलायचा, आणि खालचं उत्तरही त्याप्रमाणे बदलतं का ते पाहायचं. गोंगाट आपलं ऐकून वागत नाही. दोन बदल, तीन बदल उत्तरात उमटले की योगायोगाला जागा उरत नाही. हे घड्याळ कितीही चांगलं असलं तरी त्याच्याकडून होणार नाही; कारण घड्याळ फक्त केव्हा ऐकायचं ते सांगतं, समोर कोणी आहे की नाही ते सांगू शकत नाही. साहेब, तुम्ही ठेक्याला खर्च म्हणता. अडकलेल्या माणसाच्या बाबतीत ठेका हीच पहिली बातमी आहे. दिवा क्रमांक, जागा, किती जण, जखमी किती, हे सगळं नंतर. समक्रमणाचं शिखर पडद्यावर उभं राहिलं, त्या क्षणी वरच्यांना हवं होतं ते कळलेलं असतं. सागोत अडकलेल्यांनी छताच्या बोल्टवर घण मारून पाहिले, असं वाचलेल्या एकट्या माणसानं नंतर सांगितलं. वरून काहीच ऐकू आलं नाही. त्या घणाच्या ठोक्यात मजकूर एका बिटाएवढाही नव्हता. पण तो ऐकला गेला असता तर तेवढा पुरेसा होता.

अधिकारी : यावर मी वाद घालणार नाही. पण दिव्यातली बॅटरी तुमच्या या युक्तिवादानं मोठी होत नाही. बदलत्या ठेक्याला सारखं उत्तर देत बसायचं, तर ती किती तास टिकेल?

लेखिका : इथेच या मांडणीचा एक गुण आपल्या कामी येतो. दोन टोकांची ऐपत सारखी नाही. वर जनरेटर आहे, शेताच्या बांधावरून शंभर-दोनशे मीटर तार टाकता येते, शेकडो वॅट घालता येतात. खाली हाताएवढं वेटोळं आणि दिव्याची बॅटरी. मग ठेका वरच्यानं धरावा, सतत, अखंड, तबलजीसारखा. खालच्या दिव्यानं तो ऐकत आपली गती त्याच्याशी बांधून घ्यावी आणि उत्तर त्याच लयीत, ठरलेल्या मात्रेवर द्यावं. ऐकायला फार कमी वीज लागते, बोलायला जास्त. खालचा क्वार्ट्झ मग स्वस्तातला असला तरी चालतो, कारण त्याला काही सेकंदांपुरतं टिकायचं असतं, सतरा दिवस नाही. वरच्याला स्वतःचीच लय परत ऐकू येते, म्हणून त्याला गती शोधावीच लागत नाही. खडकातून जायला लागणारा वेळ नगण्य. तीनशे मीटरसाठी २,००० हर्ट्झवर लहरीच्या अर्ध्या आवर्तनाहून कमी, म्हणजे सेकंदाचा पाच-हजारावा भाग.

तेलविहिरींत हे वर्षानुवर्षं चालू आहे. विहीर खणताना छिन्नीमागचं उपकरण आपली दिशा आणि कोन वर कळवतं ते चिखलातून. पाइपमधून खाली ढकलल्या जाणाऱ्या चिखलाच्या वाटेत एक झडप उघडमीट करते आणि दाबाच्या लाटा वर येतात. सेकंदाला मोजके बिट, आणि वर चिखलाच्या पंपांचा धबधब आवाज. मुंबई हायसारख्या क्षेत्रात एकाच प्लॅटफॉर्मवरून तिरप्या विहिरी पसरतात, तिथे छिन्नी कुठे चालली आहे हे असं कळवलं जाणं आवश्यकच असतं. तीन किलोमीटरवरून दाबाची लाट वर यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात आणि खालचं उपकरण दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. तिथे घड्याळावर भरवसा ठेवायचा तरी कसा? म्हणून तिथल्या लोकांनी साधी गोष्ट केली. वरच्यानं पंप थांबवला आणि पुन्हा सुरू केला, की प्रवाह वाहू लागल्याचं खालच्या उपकरणाला जाणवतं, तीच सम. तिथून ठरलेला वेळ थांबून ते आधी ओळखीचा ठेका वाजवतं आणि मग आकडे पाठवतं. सगळ्यात जास्त गोंगाट करणारा पंपच त्यांनी तबल्याला बसवला.

अधिकारी : मग गोंगाटच वापरायचा असेल, तर आपल्याकडे त्याहून मोठा तबलजी आहे. चंद्रपूरच्या खाणी २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या शेजारी आहेत. त्या केंद्राच्या तारांची पन्नास हर्ट्झची गुणगुण जमिनीत शेकडो मीटर उतरते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनवरून दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळ्या देशाचं ग्रिड एका लयीत चालतं. वरही तीच लय ऐकू येते, खालीही तीच. तुमच्या ठेक्याची गरजच काय?

लेखिका : ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण तिच्यात एक खरी गोष्ट सापडते. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हिंडत असते. घड्याळ म्हणून पाहिलं तर ते अगदीच वाईट घड्याळ. पण दोघांनी तेच वाईट घड्याळ ऐकलं तर ते चालतं. दोघांची वेळ खरी असण्याची गरज नाही, सारखी असली की पुरे. गतीपुरतं ग्रिड उत्तम. टप्प्यापुरतंही बऱ्यापैकी. क्रमासाठी मात्र ते निरुपयोगी, कारण त्याचा प्रत्येक ठोका दुसऱ्या ठोक्यासारखाच आहे. त्याला ‘धागे तिरकिट’ नाहीच. एखादा मोजायचा राहिला तर चुकल्याचं कळायला मार्ग नाही. मी त्याचा उपयोग दुसरीकडे करीन. गुणगुणीची पटही ग्रिडबरोबर सरकत असते. चाळिसावी पट आज १,९९६ हर्ट्झवर तर थोड्या वेळानं २,००२ वर. ती गाळायची तर गाळणीलाही तिच्यामागे जावं लागतं. म्हणजे सिग्नलशी जुळायचं तसं गोंगाटाशीही जुळून घ्यावं लागतं, मगच तो वजा होतो. आणि जिथे शेजारी वीज केंद्र नाही, किंवा अपघातानंतर परिसराचाच पुरवठा तोडला आहे, तिथे हा तबलजी उठून गेलेला असेल. त्याच्यावर सगळी मैफल सोपवता येणार नाही.

अधिकारी : ठीक. मग शेवटचा प्रश्न, आणि हा कागदावरचा नाही. तुमची वरची तार अपघाताच्या क्षणी तिथे नसते. नेमकं खाणीच्या कुठल्या पॅनेलवर, म्हणजे कामाच्या कुठल्या भागात, माणसं अडकलीत ते कळायला वेळ, वर कापसाचं शेत असेल तर तिथे पोचायला वेळ, पावसात आणखी वेळ. पहिले कित्येक तास वरून ठेकाच नाही. तोवर खालच्या दिव्यानं करायचं काय?

लेखिका : तेव्हा तुमचं लॅम्परूमचं घड्याळ कामाला येतं, आणि इथे मी ते बिनशर्त मागते. वरून काही ऐकू येत नसेल तर दिव्यानं आपल्या घड्याळाप्रमाणे दर पंधरा मिनिटांनी, ठरलेल्या मिनिटाला, फक्त ठेका वाजवावा. मजकूर काहीच नाही, म्हणजे बॅटरी टिकेल. पहिल्या पाळीत घड्याळ शतांश सेकंदांतच चुकलेलं असेल, त्यामुळे वर जी कुठली तार आधी लागेल तिला ऐकायची खिडकी अरुंद मिळेल आणि तुमची खोटी जुळणीही टळेल. वरचा ठेका कानावर पडला की दिव्यानं आपलं घड्याळ सोडून त्याला धरावं. तो तुटला तर पुन्हा आपल्या घड्याळावर यावं, पण या वेळी आधी वरच्या लयीशी ताडून आपण किती सरकतो ते लक्षात ठेवून. वाद उरतो तो वाटणीचा. अर्धा वाटा ठेक्याला की पाव, हे मी खडकाची वाहकता मोजल्याशिवाय सांगणार नाही, आणि ती प्रत्येक पॅनेलवर वेगळी असेल.

अधिकारी : मग रॅकवर वेळ लावण्याचं काम रोजच्या तपासणीच्या नोंदवहीत आलं पाहिजे, दिव्याच्या चार्जिंगच्या शेजारीच. आणि तार आधीच टाकून ठेवायची, खाली कोळशाच्या थरात जसजसं काम पुढे सरकेल तसतशी वरची जागाही बदलत. शेतकऱ्यांशी बोलावं लागेल. मोजणी कुठल्या पॅनेलपासून सुरू करता?

लेखिका : सर्वात ओल्या पॅनेलपासून, साहेब. जिथे पंप सर्वात जास्त चालतात तिथून.